सात पाऊण किती?

फार पूर्वी, म्हणजे तुमच्या-माझ्या पणजोबांच्या पणजोबांनाही नक्की साल सांगता आलं नसतं इतकं पूर्वी, एका उंच पठारावर एक गाव होतं. गावात घरं शंभर, विहिरी तीन आणि पाठशाळा एक. पण त्या एका पाठशाळेचा तोरा असा, की खाली राजधानीतले लोक गावाचं नाव विसरायचे आणि 'ते पाठशाळेवाले' एवढंच म्हणायचे. गावाला त्याचं वाईट वाटत नसे. उलट छाती फुगायची.

पाठशाळा चालवायचे विश्वंभरपंत. शिक्षण सहा वर्षांचं. पहिली पाच वर्षं पंतांचे मदतनीस शिकवत, सहाव्या वर्षी मुलं पंतांच्या हाती येत. त्या शेवटच्या वर्गाला गाव 'उंबरठ्याचा वर्ग' म्हणायचं, कारण तो संपला की मुलंमुली घराचा उंबरठा ओलांडून पाच दिवस चालत राजधानीला जात आणि तिथल्या विद्यापीठाच्या दाराशी उभी राहत. दाराशी तीन पंडित बसलेले असत. ते प्रश्न विचारत. आत घेतलं, तर वैद्य व्हा, न्यायशास्त्री व्हा, पूल बांधणारे व्हा. नाही घेतलं, तर आल्या वाटेनं परत. दुसऱ्यांदा त्या दाराशी उभं राहायची सोय नव्हती.

पुष्कळ वर्षांपूर्वी पंतांचा एक विद्यार्थी त्या दाराशी अडखळला होता. पंडितांनी काहीतरी विचारलं आणि तो सरळ म्हणाला, "मला येत नाही." झालं! पोरगा परत आला. महिनाभर गाव पंतांशी नीट बोललं नाही. पंतांच्या ते फार जिव्हारी लागलं.

त्याच महिन्यात पंतांनी नियम केला. पाठशाळेच्या कुठल्याही वर्गात 'येत नाही' हे दोन शब्द उच्चारायचे नाहीत. जो उच्चारेल त्याचा बसायचा पाट उलटा करायचा आणि त्यानं दिवसभर त्या उलट्या पाटाशेजारी जमिनीवर बसायचं. पाठशाळेला भिंती तीनच होत्या, चौथी बाजू रस्त्याकडे उघडी. त्यामुळे कुणाचा पाट उलटा आहे, हे पाण्याला जाणाऱ्या बायकांपासून गुराख्यापर्यंत सगळ्यांना दिसायचं.

मग काय! मुलं हुशारच होती. नेमकं अडलं की एखाद्याला ठसका लागायचा. दुसरा म्हणायचा, "कालच पाहिलं होतं, पंत, अगदी ओठांवर आहे." तिसरी नुसती मान डोलवायची, आणि अशी डोलवायची की बघणाऱ्याला वाटावं, हिला दोन वर्षांपूर्वीच कळलं असणार. एकदा एका वाटसरूनं त्या मुलांना घाटाची वाट विचारली. वाट कुणालाच ठाऊक नव्हती, पण तसं म्हणणार कोण? तिघांनी तीन दिशांना बोटं दाखवली, तीही मोठ्या आत्मविश्वासानं. बिचारा पठाराला वळसा घालून दुपारी पुन्हा तिथंच आला आणि पाठशाळेच्या नावानं बोटं मोडत गेला.

पंडित कधी कधी उलटा प्रश्नही विचारत, "तुला काय येत नाही, ते सांग." पंतांनी त्याचीही तयारी करून घेतली होती. "मला आळस करता येत नाही," असं एकानं म्हणायचं. "मला खोटं बोलता येत नाही," असं दुसऱ्यानं. "मला अर्ध्यावर सोडता येत नाही," असं तिसऱ्यानं. हे म्हणताना डोळे थोडे खाली वळवायचे, हेसुद्धा घोटून घेतलेलं असायचं. आता हसू येतं, पण खरं सांगतो, ही उत्तरं चालायची. वर्षामागून वर्षं पंतांची मुलं दारातून आत गेली, एकही परत आलं नाही. दर वर्षी गावात ढोल वाजायचा.

एका वर्षी उंबरठ्याच्या वर्गात सगुणा नावाची मुलगी होती. विणकराची लेक, आईवेगळी. तिच्या वडिलांच्या डोळ्यांवर हळूहळू पडदा येत चालला होता. आधी त्यांना बारीक सूत दिसेनासं झालं, मग जाडं. आता ते हातानं चाचपून विणायचे आणि गुंता झाला की सगुणाला हाक मारायचे. सगुणाला विद्यापीठात जायचं होतं ते एवढ्याचसाठी. डोळ्यांची वैद्य व्हायचं आणि आबांना पुन्हा दिसायला लावायचं. तिला दुसरं काही नको होतं.

सगुणा सगळ्यांत तल्लख. वनस्पतींची हजार नावं तोंडपाठ. फक्त एक गोष्ट तिच्या डोक्यात कधी बसली नव्हती, ती म्हणजे पाऊणकी. पावकी तिला यायची, निमकी यायची, दीडकीसुद्धा यायची. पण पाऊणचा पाढा आला की चार पाऊण तीनपर्यंत गाडी जायची आणि पुढे चिखलात रुतायची. वर्ग एका सुरात पाढे म्हणायचा. सगुणा चारपर्यंत मोठ्यानं म्हणायची आणि पुढे नुसते ओठ हलवायची. सहा वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. एकदा ती विचारायला उठलीही होती. पण तेवढ्यात रस्त्यावरून आबा काठी टेकत येताना दिसले. त्यांना आपला पाट उलटा आहे असं कुणी सांगितलं तर? ती खाली बसली.

दाराशी पंडितांनी तिला विचारलं, "तुला काय येत नाही?"

"मला कुणाचं दुःख पाहून गप्प बसता येत नाही," सगुणा डोळे खाली वळवून म्हणाली.

तिन्ही पंडित एकमेकांकडे पाहून हसले आणि ती आत गेली. गावात ढोल वाजला. आबांनी चाचपडत का होईना, दारावर स्वतः तोरण बांधलं.

आत वैद्यशाळेत एक म्हातारी वैद्यबाई शिकवायची. तिची पद्धत निराळी होती. रोज सकाळी शिकवायला बसली की ती आधी विचारायची, "काल कुणाचं काय अडलं?" आणि जे अडलं असेल ते पुन्हा पहिल्यापासून शिकवायची. रागावणं नाही, टोमणा नाही. खाडीकाठचा एक जाडा मुलगा तर रोज हात वर करायचा. "बाई, मला कालचं काहीच आलं नाही." म्हातारी म्हणायची, "बरं, बस जवळ." आणि पुन्हा सांगायची. पहिल्या वर्षी त्याला सगळे हसले. तिसऱ्या वर्षी अडलेले सगळे त्याच्याकडेच जाऊ लागले.

पठारावरून आलेल्यांपैकी एकानंही कधी हात वर केला नाही. सगुणाचा हात कितीदा मांडीवरून उचलला गेला आणि परत मांडीवर पडला. इथे पाट उलटा करणारं कुणी नव्हतं. तरीही घशातून ते दोन शब्द निघेनात. औषध करताना दोघा-दोघांची जोडी असे. सगुणा पुढे होऊन खल हातात घ्यायची आणि तराजू जोडीदारणीकडे सरकवायची. "तुझा हात हलका आहे, तूच मोज," म्हणायची. जोडीदारीण खूश, सगुणाची सुटका. तीन वर्षं अशीच गेली. शेवटी म्हातारीनं तिला वैद्याची पिशवी दिली आणि एक गोष्ट बजावून सांगितली, "डोळ्याचं औषध जहाल असतं. कधीही दोन्ही डोळ्यांत एकदम घालू नकोस. आधी एक, तो बरा झाला की दुसरा."

सगुणा गावी परतली तेव्हा आबांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. तिनं त्यांचे डोळे तपासले आणि तिला आनंदानं रडूच आलं. हा पडदा अंजनानं जाणारा होता! औषध तिला पाठ होतं. भस्म रोज पाऊण गुंज, असं सात दिवसांचं एकदम मोजून मधात खलायचं.

सात दिवसांचं. म्हणजे सात पाऊण.

ती तराजूपुढे बसली. आबा शेजारीच मागावर होते. "सात पाऊण..." ती मनातल्या मनात म्हणाली. चार पाऊण तीन, पुढे काय? बोटांवर मोजायची तिला लाज वाटली. आपण वैद्य! "सात पाऊण पावणेसात," असं काहीतरी कानाला बरं वाटलं आणि तिनं पावणेसात गुंजा भस्म घातलं.

अंजन घालून पट्टी बांधल्यावर पहिल्याच दिवशी आबांच्या उजव्या डोळ्याची आग आग झाली. "आधी थोडं लागतं, आबा," ती म्हणाली. "तू म्हणतेस म्हणजे लागत असेल," असं म्हणून त्यांनी दात आवळून सोसलं. सात दिवस सोसलं. आठव्या दिवशी तिनं पट्टी सोडली. डोळा गेला होता. आता त्यात उजेड-अंधारसुद्धा उरला नव्हता.

सगुणानं वैद्यबाईंचा शब्द न् शब्द आठवून पाहिला. मध बरोबर होता, भस्म बरोबर होतं, खलणं बरोबर होतं. राहिलं होतं फक्त मोजमाप. चूक तिथंच झाली होती, हे तिला कळलं. आणि तरीही, आबांनी विचारलं तेव्हा तिच्या तोंडून निघालं ते हेच, "हा डोळा फार खराब झाला होता, आबा. दुसऱ्याला गुण येईल."

आबांनी नुसती मान हलवली. "मग कधी घालायचं दुसऱ्यात?"

दुसऱ्याच दिवशी विश्वंभरपंत त्या वर्षीचा उंबरठ्याचा वर्ग घेऊन विणकराच्या अंगणात आले. बारा मुलं रांगेत उभी. "ही पाहा सगुणा," पंत म्हणाले. "माझी विद्यार्थिनी. हिला काय येत नाही ते शोधून दाखवा! आज ती औषध करणार आहे. नीट बघून घ्या."

मुलं बघत राहिली. सगुणानं तराजू मांडला. भस्माची पुडी उघडली. एक गुंज टाकली, दुसरी टाकली आणि तिचा हात थांबला. आबा तोंड वर करून बसले होते, उरलेला डोळा उघडा ठेवून. त्यांनी कसलाही प्रश्न विचारला नव्हता. याच गोष्टीनं तिला भडभडून आलं. तिनं तराजू खाली ठेवला.

"आबा, मला पाऊणकी येत नाही."

बारा मुलांनी एकदम पंतांकडे पाहिलं.

"म्हणजे गं?" आबांनी विचारलं.

"सात पाऊण किती होतात, ते मला येत नाही. कधीच आलं नव्हतं. मी चुकीचं मोजलं. तुमचा डोळा औषधानं गेला नाही, आबा, माझ्यामुळे गेला."

आबांनी हात पुढे करून तिचं डोकं चाचपलं.

"अगं पोरी, सात पाऊण सव्वापाच," ते म्हणाले. "विणकराचा अर्धा हिशेब पाऊणकीत चालतो. गेली चाळीस वर्षं मी ती रोज म्हणतोय. तू तिथं बसून मोजत होतीस, मी इथं दोन हातांवर होतो. नुसतं विचारायचंस गं!"

सगुणा ओक्साबोक्शी रडली. रडणं थांबल्यावर डोळे पुसून ती आबांच्या पुढ्यात बसली. "पाच पाऊण पावणेचार," आबा म्हणाले. "पाच पाऊण पावणेचार," तिनं म्हटलं. "सहा पाऊण साडेचार." "सहा पाऊण साडेचार." रांगेतल्या दोन मुली आणि एक मुलगा पंतांची नजर चुकवून हळूच पुढे सरकले आणि तेही म्हणू लागले. त्यांनाही चारच्या पुढे येत नव्हतं.

पंतांचा चेहरा पडला होता. "सगुणा," ते म्हणाले, "सहा वर्षं माझ्या पाठशाळेत बसलीस. एकदा तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही पाट उलटा केला असता, पंत."

यावर काय बोलावं हे पंतांना कळलं नाही. आणि कळलं नाही असं म्हणायची त्यांनाही सवय नव्हती.

सव्वापाच गुंजा भस्म आबांनी मोजून घेतलं, बोटांच्या अंदाजानं, आणि सगुणानं ते तराजूवर पुन्हा तपासलं. आठव्या दिवशी डाव्या डोळ्याची पट्टी सुटली. आबांनी आधी लेकीचा चेहरा पाहिला, मग मागावरचं सूत. उजवा डोळा मात्र गेला तो गेला. सगुणा पुढे नावाजलेली वैद्य झाली, शेकडो डोळे तिनं बरे केले, पण तो एक तिला परत आणता आला नाही.

ज्याला 'येत नाही' असं म्हणता येत नाही, त्याला दारातून आत जाता येतं, पण शिकता येत नाही.