फोडायचा राहिलेला चेहरा

“हा कोण?”

जुन्नरच्या लेण्यात राहणाऱ्या वृद्ध बौद्ध भिक्खूंनी, स्थविर नागपालितांनी विचारलं. समोर गोणपाटातून काढलेलं संगमरवरी मस्तक होतं. तरुण, कुरळ्या केसांचं.

“रोमचा सम्राट, भन्ते. आमचा. मीच घडवला.”

थेओन हा यवन, म्हणजे ग्रीक शिल्पकार. कल्याण बंदरात उतरून त्याला तीन वर्षं झाली होती. इथली बोली शिकला, पण कुणी सोबती जोडला नाही. गाढवावर हे ओझं लादून तो एकटाच नाणेघाट चढून आला होता.

“आता कुठं आहे हा?”

“मारला. त्याच्याच पहारेकऱ्यांनी. विसाव्या वर्षी. मग हुकूम निघाला... त्याचं नाव पुसा, चेहरे फोडा.”

“तू तर त्याचा शिल्पकार. तुला कसं सोडलं?”

थेओननं मान खाली घातली.

“मला कामाला लावलं. मी घडवलेले एकोणीस चेहरे मीच तासले. नाक बारीक केलं, गालांवर सुरकुत्या काढल्या. झाला नवा सम्राट! हा एक तेवढा लपवला.” त्याचा आवाज चढला. “साऱ्या जगानं त्याला पुसलं, भन्ते. मी एकट्यानं राखला. इथल्या भिंतीत एक कोनाडा द्या. डोंगर आहे तोवर राहील.”

स्थविर मस्तकाकडे वाकले.

“बोलायचा कसा?”

“म्हणजे?”

“काय बोलायचा हा?”

थेओननं गोणपाटाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

“सात दिवस माझ्यासमोर बसला होता,” तो म्हणाला. “दालनात आम्ही दोघंच. सहाव्या दिवशी म्हणाला, ‘शिल्पकारा, मला झोप येत नाही रे. दाराबाहेर सारखी पावलं वाजतात...’”

“मग?”

“मी म्हटलं, महाराज, ओठ हलवू नका.”

“पुढं?”

“पुढं काही नाही. सातव्या दिवशी तो एक शब्दही बोलला नाही.” थेओननं मस्तकाच्या गालावरून बोट फिरवलं. “चेहरा हुबेहूब उतरला, भन्ते. सगळे म्हणाले.”

स्थविर उठले. भिंतीकडे त्यांनी पाहिलंही नाही. लेण्याच्या ओसरीत आपली चटई अंथरली. दोन्ही हातांनी मस्तक उचलून तिच्या एका टोकाला ठेवलं, आणि दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं.

“बैस त्याच्यासमोर,” ते म्हणाले. “आज तुझ्या हातात छिन्नी नाही.”