गाडीत कोण आहे?

"...मग देवाला ठाऊक नव्हतं, असं म्हणायचं का, बुवा?"

शांतवनबुवा ओट्याच्या कडेला बसून पायांचा चिखल धूत होते. नुकतेच शेतातून आले होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

नथानिएल वाघचौरे जरा पुढे सरकला. शहरातल्या धर्मशास्त्र विद्यालयात तो शिकवायचा. बायबलच्या मूळ भाषा त्याला येत होत्या. येत्या रविवारी मोठ्या मेळाव्यात त्याचं प्रवचन होतं, ते याच विषयावर. वाटेत ही वाडी लागत होती. चाळीस वर्षं गावोगाव ख्रिस्ती कीर्तनं केलेला हा म्हातारा काय म्हणतो ते ऐकावं, एखादं गावरान वाक्य प्रवचनात पेरता येईल, एवढ्यासाठीच तो थांबला होता.

"बघा ना. पहिला माणूस बागेत झाडांमागे लपलाय, तर देव हाक मारतो, तू कुठे आहेस? पुढे एक जण भावाचा जीव घेऊन शेतातून परत येतो. त्याला विचारतो, तुझा भाऊ कुठे आहे? ज्याच्यापासून काही लपत नाही, तो विचारतो कशाला?"

"तुला काय वाटतं?"

"यावर सहा मतं आहेत." नथानिएलनं वही उघडली. "पहिलं मत असं..."

"राहू दे." बुवांनी पंच्यानं पाय पुसले. "गाडीत कोण आहे?"

नथानिएल गोंधळला. गाडी वळणावर चिंचेखाली उभी होती. ओट्यावरून दिसतही नव्हती.

"गाडीत? ओळखीचा आहे एक. त्याला वाटेत सोडायचंय."

"ओळखीचा."

"हो... तर बुवा, पहिलं मत असं की देव माणसाच्या भाषेत..."

बुवांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि काहीतरी काढून वहीच्या उघड्या पानावर ठेवलं.

ग्लुकोजच्या बिस्किटांचा अर्धा पुडा होता. वरचा कागद नीट दुमडून बंद केलेला.

"त्यानं दिलाय," बुवा म्हणाले. "येता येता त्याच्यापाशी बसलो होतो घटकाभर. म्हणाला, माझ्या धाकट्याला द्या. सकाळपासून उपाशी आहे तो."

नथानिएलच्या तोंडचं पाणी पळालं.

गाडीत शमुवेल होता. त्याचा सख्खा थोरला भाऊ. आई गेली तेव्हा नथानिएल नऊ वर्षांचा होता. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, धाकट्याला डबा करून द्यायचा आणि मग गवंडीकामाला जायचं, असं शमुवेलनं वर्षानुवर्षं केलं. पुढे परांचीवरून पडला, डोक्याला मार लागला. तेव्हापासून बोलणं अडखळायला लागलं. मधेच हसायचा, मधेच रडायचा. कॉलेजचे लोक घरी आले की नथानिएल त्याला आतल्या खोलीत बसवून कडी घालायचा.

आणि आज सकाळी त्यानं शमुवेलला सांगितलं होतं, चल, फिरायला जाऊ.

त्यानं पुड्याकडे पाहिलं. हात लावायचा धीर होईना.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"तो माझा भाऊ आहे, हे माहीत होतं?"

"त्यानंच सांगितलं. किती वेळा सांगितलं! माझा भाऊ मास्तर आहे, माझा भाऊ मास्तर आहे..."

"सगळं ठाऊक होतं तर मग विचारलंत कशाला?"

तो ओरडलाच. आणि स्वतःचे शब्द कानावर पडले तसा जागच्या जागी गप्प झाला.

अंगणात कोंबडी माती उकरत होती, तिच्या नखांचा आवाज येत होता. वारा आला. वहीची पानं फडफडली, पण पुडा ठेवलेलं पान हललं नाही.

"गाडीत कोण आहे?" बुवांनी पुन्हा विचारलं. आवाज मघाचाच होता. ना राग, ना खोच.

नथानिएलनं चिंचेच्या वळणाकडे पाहिलं.

"माझा... माझा भाऊ आहे. थोरला."

"कुठे नेतोयस त्याला?"

"एक संस्था आहे. तिकडं अशा लोकांना ठेवून घेतात." तो खाली बघत बोलत होता. "कागद झालेत सगळे. तिथं सोडून मी तसाच मेळाव्याला जाणार होतो. बायको थकलीय हो, बुवा. मीही थकलोय. संस्था चांगली आहे, वाईट नाही... पण त्याला सांगितलं नाही मी. फिरायला जातोय म्हणालो."

बुवांनी मान हलवली. दोष दिला नाही की धीरही दिला नाही.

नथानिएल रडत नव्हता. थप्पड बसलेला माणूस दिसावा, तसा दिसत होता. बऱ्याच वेळानं त्यानं पुडा उचलला, एक बिस्कीट काढलं आणि खाल्लं. बुवांनी तांब्या पुढे केला.

पाणी पिऊन तो उठला. पायात चपला घातल्या.

"तुम्हीच सांगा, बुवा. तिकडं नेऊ, की परत घरी नेऊ?"

"मला काय विचारतोस? त्याला विचार."

"त्याला?" नथानिएल थबकला. "तो काय सांगणार? मी नेईन तिथं येतो म्हणेल. मला ठाऊक आहे ना, बुवा, तो काय म्हणेल ते..."

"ठाऊक आहे," शांतवनबुवा म्हणाले. "तरी विचार."