वाटून दिलेली ऊब

पूर्वी सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व करकोच्याच्या जन्मास आले. राजाच्या नगराबाहेरच्या नदीत त्यांचा थवा उतरत असे. तिथेच काठच्या खड्यांत एका टिटवीने चार अंडी घातली होती. तिच्या नवऱ्याला ससाण्याने नेले होते, तेव्हा उबवणारी ती एकटीच.

डोंगरात गारा पडल्या आणि नदी अवेळी चढू लागली. टिटवीने घाईघाईने दोन अंडी चोचीतून दरडीवर नेली. तिसऱ्यासाठी आली तोच चोच दगडावर आपटून चिरली. आता काही उचलता येईना. पाणी थांबले, पण खालच्या जागेचे बेट होऊन बसले. निम्मी अंडी वर, निम्मी बेटावर.

वर गार वारा. ती जरा इथे बसे, जरा तिथे. इथे बसली की जीव तिथे, तिथे बसली की इथे. कुठलीच ऊब पुरी होण्याआधी ती उठायची.

शेजारची धोबीण पक्षीण शेपटी हलवत म्हणाली, "अगं बाई, दोघांची तरी आई हो! अशी धावत राहिलीस तर कुणाचीच होणार नाहीस."

"कुठल्या दोघांची? तूच सांग ना."



बोधिसत्त्वांनी हे ऐकले. थवा डोंगरापलीकडे निघाला होता. सोबत्याने हाक दिली, "नायका, वारा फिरला की वाट बंद!"

"तुम्ही व्हा पुढे," म्हणत ते बेटावरच्या अंड्यांवर जाऊन बसले. "ताई, ही माझ्याकडे. तू वरची सांभाळ. हलू मात्र नकोस."

पण तिला कसे राहवणार? एवढा मोठा देह, फुटली तर? ह्याला झोप लागली तर? ती उठे, बेटावर येऊन बघे, परत जाई. पुन्हा उठे.

बेटावरची दोन्ही पिले बाहेर आली. दरडीवरची आली नाहीत.

पाणी ओसरल्यावर बोधिसत्त्व पिलांना चालवत दरडीपाशी घेऊन आले. "ताई, गारठलीत गं. पंखाखाली घे."

"घेते हो. ही दोन निघू देत आधी."

"ती आता निघायची नाहीत."

"जरा बसते अजून," ती म्हणाली आणि तिने पिलांकडे पाठ केली. शेवटी बोधिसत्त्वांनीच त्यांच्यावर पंख धरला. आभाळात थव्याचा मागमूसही नव्हता.

एवढी कथा सांगून शास्ते भगवंत म्हणाले, "तो करकोचा मी होतो. आणि ती टिटवी म्हणजे ही नंदवती."

समोर बसलेली नंदवती जुळ्यांतले एक लेकरू स्मशानात ठेवून आली होती. दुसरे मांडीवर भुकेने रडत होते. तिचे तिकडे लक्ष नव्हते. ती म्हणाली, "भगवंत, मग त्या गार अंड्यांचं काय झालं?"



त्या जन्मी बोधिसत्त्वांनी जपलेला गुण करुणा होय. पुरी पडली नाही, तरीही जपलेली.