धसकटाचं बोलावणं

त्या दिवशी आभाळ पार खाली उतरलं होतं. दसरा होऊन बारा दिवस झाले, तरी पाऊस गावची वेस सोडत नव्हता. मोठा नव्हे, बारीकच. पण थांबेना. वारा नाही, ऊन नाही. बाजरीची कणसं झाडावरच भिजून मान टाकून उभी होती.

"मग चूक कुणाची, तेवढं सांग मावशे."

गोजरामावशीच्या ओट्यावर बसून मी हे तिसऱ्यांदा विचारत होतो.

ती माझी शेजारीण. निम्मा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेला. नवरा वारल्यावर ती आमच्या गावात राहिली. वाद झाला की माणसं तिच्याकडं यायची. ती निवाडा करत नसे. लोकर कातत बसे, आणि माणसं आपणच बोलून बोलून दमायची.

मी तेव्हा गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष होतो. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, सहीच्या जागी अंगठा. पण खुर्ची मिळाली होती, आणि ती अंगात भिनली होती.

तंटा असा. मेंढपाळांचा तळ दरसाल दसऱ्यानंतर आमच्याकडं यायचा. तोवर बाजरी निघालेली असायची. त्यांची मेंढरं आमच्या मोकळ्या रानात बसायची, रानाला खत मिळायचं, त्यांना धान्य. बापजाद्यांपासून असंच चाललेलं.

त्या साली पाऊस दीड महिना उशिरा आला, आणि आला तो जायचं विसरला. दसरा झाला, बाजरी उभीच. आणि मेंढरं आली. सहाशे. उभ्या पिकात शिरली. माझा धाकटा भाऊ शिरपती काठी घेऊन धावला. तिकडूनही काठी आली. शिरपतीचा हात मोडला. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याचं डोकं फुटलं.

आता त्यांची चार बिऱ्हाडं माळावर अडकली होती. वरच्या अंगाला धो धो पडत होता, त्यामुळं मागं नदी ओलांडायचा उतार बुडालेला. पुढं आमची माणसं बाभळीच्या फांद्या टाकून वाट अडवून बसलेली. माळावरचं गवत संपलं होतं. रोज दोन-तीन कोकरं मरत होती.

दिवस मावळायच्या आत गाव ठरवणार होतं, त्यांना तसंच नदीकडं हाकलायचं की कसं. आणि गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. हात माझ्या भावाचा मोडला होता ना.

"त्यांनी येऊन पाय धरले पाहिजेत," मी म्हटलं. "उभं पीक दिसत नव्हतं का डोळ्यांना?"

"मेंढराला दिसलं की. म्हणून तर शिरलं."

मला हसू आलं नाही.

"तू त्यांच्यातली. त्यांचीच बाजू घेणार."

"मग माझ्याकडं आलास कशाला?"

तिच्या हातातली कातायची चाती फिरत राहिली. लोकरीचा धागा लांबत राहिला.

"धुळाप्पा काय म्हणतो?" तिनं विचारलं. धुळाप्पा म्हणजे त्या तळाचा म्होरक्या.

"म्हणतो, दसऱ्यानंतर यायचं ठरलेलं हाय, तसं आलो."

"आन् तू?"

"मी म्हणतो, माझं रान, माझं पीक."

"दोघंबी खरं बोलताय." ती जरा थांबली. "अवघड हाय मग."

"तेच तर! म्हणून विचारतोय, चूक..."

"भानू, धसकट कोण घेऊन गेलं होतं?"

पूर्वी तशी रीत होती. बाजरी काढून झाली की गावातला एक माणूस कापल्या ताटाचं जमिनीत उरलेलं एक धसकट उपटून हातात घ्यायचा आणि दोन दिवस चालत मेंढपाळांच्या गावी जायचा. रान मोकळं झालं, या. ते धसकट हातात पडल्याशिवाय तळ हलत नसे. मग फोन आले. पुढं फोनही कुणी करेना. दसरा असतोच की, त्यात काय सांगायचं, असं झालं.

"नऊ वर्षं कुणी गेलं नाही," मी म्हणालो.

"मान कुणाचा होता?"

"आमच्या घराचा. बाप जायचा. त्याच्या माघारी मी दोनदा गेलो."

तिनं नुसती चाती फिरवली. तेच मला जास्त लागलं.

"पण मावशे," मी जरा आवाज चढवून म्हणालो, "औंदा गेलो असतो तरी काय नेलं असतं? रान मोकळंच नाही. उभ्या बाजरीत धसकट आणू कुठनं?"

हे बोलून मला बरं वाटलं. समितीत असं बोललो की माणसं माना डोलवायची.

गोजरामावशीनं चाती खाली ठेवली. गुडघ्यावर हात देऊन उठली. वळचणीचा विळा काढला, डोक्यावर गोणपाटाची खोळ घेतली आणि पावसात निघाली.

घरामागं तिचा बाजरीचा पट्टा होता. दहा-बारा ओळी. दाणा अजून चिकात होता.

ती वाकली आणि कापायला लागली.

"मावशे! अगं, काय करतेस? वर्षाची भाकरी हाय ती तुझी!"

"ठावं हाय. मीच पेरलीय."

"कच्ची हाय अजून!"

"बोंबलू नको. पेंढ्या उचल."

मी अध्यक्ष माणूस. डोक्यावरची टोपी खिशात घातली आणि पेंढ्या उचलू लागलो. ती कापत होती, मी बांधाला नेऊन टाकत होतो. मधे एकदा तिला दम लागला. मी विळा मागितला. तिनं दिला नाही.

शेवटची ओळ पडली. मग ती चिखलात बसली, दोन्ही हातांनी एक धसकट धरलं, हिसका दिला. मुळ्यांसकट आलं. तिनं ते एकदा झटकलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"धुळाप्पाला दे. रान मोकळं झालं म्हणावं."

मी हातातल्या धसकटाकडं पाहिलं. मग पट्ट्याकडं पाहिलं.

"मावशे, ह्यात पन्नास मेंढरं बसायची नाहीत. ती सहाशे हायेत."

ती गवतावर विळा पुसत होती.

"माळ इथनं कोसभर असंल ना?"

"असंल की."

"मग राहिलेल्या साडेपाचशांना कुठं बसवायचं, ते जाता जाता ठरव."