खडकटेकला गाडीला नमस्कार का करत नाहीत

हे खडकटेक. हसू नका पाव्हणं, स्टेशनच आहे! मास्तर नाही, तिकिटाची खिडकी नाही. एक पत्र्याची शेड नि एक बाकडं. गाडी हवी तर हात दाखवायचा. पण हात जोडायचे नाहीत हं. या फलाटावर गाडीला नमस्कार चालत नाही. का, ते ऐका.

साहेबानं ही धाकटी लाईन टाकली तेव्हाची गोष्ट, असं सांगतात. वस्तीवरच्या ठकूचा भाऊ केरबा तिला न विचारता पलटणीत भरती झाला. आईमागं तिनंच वाढवलेला पोरगा. ती तडकलीच. "जा, पुन्हा तोंड दाखवू नकोस!" तोही तिच्यासारखाच तापट, मागं न बघता गेला. त्या दिवसापासून ठकूला घास गोड लागेना. मग कळलं, भरतीची पोरं गाडीनं बंदराकडं निघालीत, खडकटेकवरूनच जाणार. झालं! तिनं दशम्या बांधल्या नि फलाट गाठला. बसेना, पाणी पिईना, नुसत्या येरझाऱ्या. "बोललेलं माघारी घ्यायचंय मला," एवढंच म्हणायची.

हात दाखवला तरच गाडी थांबेल, हे साहेबाच्या माणसानं बजावलं होतं. पण धूर ओकत, धरणी हादरवत येणारी ती आगीची माय! तिला एका हातानं बोलवायचं? ती काय शेजारीण आहे? जमलेल्या वस्तीनं भक्तिभावानं दोन्ही हात जोडले. ठकूनंही जोडले. ड्रायव्हरला वाटलं, भोळी माणसं पाया पडताहेत. त्यानं कौतुकानं शिट्टी दिली आणि गाडी पुढं काढली. दारात केरबा उभा होता म्हणे. काहीतरी ओरडला, चाकांच्या खडखडाटात कुणाला कळलं नाही.

केरबा परत आला नाही. ठकू मात्र रोज यायची, हात दाखवायची, थांबलेल्या गाडीचा डबान् डबा धुंडाळायची नि म्हणायची, "जाऊ द्या." ड्रायव्हर आधी शिव्या घालायचे. मग त्यांना सगळं कळलं, नि शिव्या बंद झाल्या.

आजही इथं कुणी हात दाखवला नि चढलंच नाही, तरी ड्रायव्हर चकार शब्द काढत नाही. एखादा नवखा वैतागलाच, तर जुने त्याला सांगतात, "थांब जरा. कुणाला तरी बघायचं असेल."