एकदाच विचारणारा पंडित

एका गावात एक पंडित राहत होता, आणि त्याला दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं वेड होतं. पाणवठ्यावर बायका काय बोलतात, तेली गिऱ्हाइकाला काय म्हणतो, दारात आलेल्या पाहुण्याचं स्वागत कसं होतं, हे सगळं तो पारावर नाहीतर चक्क कुणाच्या तरी ओट्यावर बसून ऐकायचा आणि बोरूने आपल्या बाडात उतरवून घ्यायचा. लोक आधी बिचकले. मग, ‘लिहितोय बापडा, लिहू दे,’ म्हणून त्यांनी नाद सोडला.

बारा वर्षांत ते बाड उशीएवढं जाड झालं. एके दिवशी पंडित ते वाचायला बसला आणि एका शब्दापाशी अडला. तो शब्द होता ‘नको’.

पाहुणा येतो. घरधनीण म्हणते, “लाडू घ्या.” पाहुणा म्हणतो, “नको.” ती म्हणते, “घ्या हो, एकच.” तो म्हणतो, “नको नको, आत्ताच जेवून आलोय.” ती लाडू हातावर ठेवते, आणि जेवून आलेला पाहुणा दोन लाडू खाऊन पाणी पितो. बाडात असे पाहुणे पानोपानी होते.

पंडिताने कपाळाला हात लावला. “म्हणजे अख्खं गाव खोटं बोलतंय!”

गावाला सुधारायचं तर सुरुवात घरापासून करावी, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याची थोरली बहीण त्याच्याकडेच राहायची. सगळे तिला अक्का म्हणत. स्वयंपाकघर तिच्या हाती होतं. पंडित तिला म्हणाला, “अक्का, आजपासून आपल्या घरात एकदाच विचारायचं. हो म्हणाला तर वाढायचं. नको म्हणाला तर पुढे सरकायचं.”

“अरे, लोक उपाशी उठतील.”

“उठू देत. दोनदा उपाशी उठले की खरं बोलायला लागतील.”

अक्काने पळी उचलली. शहाण्या माणसाशी वाद घालायला वेळ लागतो, आणि तिची चुलीवर आमटी होती.

पुढे पंडिताच्या लेकीचं लग्न ठरलं. सात-आठ कोसांवरच्या गावच्या वैद्यबुवांचा मुलगा. वैद्यबुवा मोठे मानी, पण मनाने सोन्यासारखे. मुलगा लेकीला मनापासून आवडला होता. ती दिवसभर गुणगुणत फिरायची आणि कुणी पाहिलं की गप्प व्हायची.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी वऱ्हाड आलं. पहाटे गाड्या जुंपून निघालेली माणसं, सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. पानं मांडली. भात-वरण वाढून झालं. मग पुरणपोळ्यांची परात निघाली, मागून तुपाची तामली. पंडिताने वाढप्यांना बजावून ठेवलं होतं, एकदाच विचारायचं!

पहिलं पान वैद्यबुवांचं.

“पोळी घ्या.”

“नको नको,” वैद्यबुवा रीतीप्रमाणे म्हणाले.

वाढपी पुढे सरकला. वैद्यबुवांची नजर परातीमागोमाग पंगतीच्या टोकापर्यंत गेली. आता वडीलधाऱ्याने नको म्हटल्यावर बाकीच्यांनी हो कसं म्हणायचं? नवरदेव नको म्हणाला, काका नको म्हणाले, मामा नको म्हणाले. परात भरलेली निघाली ती भरलेलीच स्वयंपाकघरात परतली. वऱ्हाडाने वरणभातावरच भागवून हात धुतले.

पंडित खूश झाला. किती थोड्या शब्दांत पंगत उठली!

घटकाभराने न्हावी धावत आला. “पंडितजी, घात झाला. वऱ्हाडाच्या जानवसघरी बैल जुंपताहेत. वैद्यबुवा म्हणतात, ज्या घरात पहिल्या पानालाच कुणी आमचं मन राखलं नाही, त्या घराशी सोयरीक कशी करायची?”

पंडिताच्या पायाखालची जमीन सरकली. आत हळद लागलेली लेक बसली होती. तिने हे ऐकलं होतं. ती रडली नाही. नुसती बापाकडे बघत राहिली, आणि ते बघणं पंडिताला रडण्यापेक्षा जड गेलं.

“अक्का, माझं काय चुकलं गं? त्यांनीच नको म्हटलं. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.”

“कानांनी ऐकलंस रे, डोळ्यांनी कुठे बघितलंस?” अक्का म्हणाली. “ज्याला खरंच नको असतं तो पानावर आडवा हात धरतो. त्याला मी कधी बळंच वाढत नाही. ज्याचा हात गुडघ्यावर असतो, तो म्हणत असतो, मी हावरा नाही, पण तुम्हाला माझी माया असेल तर अजून एकदा विचारा. दारातून बघितलं मी, वैद्यबुवांचा हात गुडघ्यावर होता. तुझ्या बाडात शब्द सगळे आहेत. हात एकाचाही नाही.”

पंडित उघड्या डोक्याने, अनवाणी धावत सुटला.

जानवसघरापुढे गाड्या जुंपलेल्या होत्या. वैद्यबुवा पागोटं बांधत होते. “पंडितजी, निघतो आम्ही,” ते कोरडेपणाने म्हणाले.

‘बरं, या,’ हे शब्द पंडिताच्या अगदी ओठांवर आले होते. माणूस निघतो म्हणाला की त्याला निघू द्यावं, असा त्याचा नियम! पण त्याने ओठ दाबून धरले आणि बारा वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं. वैद्यबुवांनी बांधलेलं पागोटं सोडलं आणि पुन्हा बांधायला घेतलं. चाकांखालचे दगड तसेच होते. अंथरुणांच्या वळकट्या अजून ओसरीवरच होत्या. नवरदेव तर गाडीकडे पाठ करून उभा होता.

“निघतो म्हटलं,” वैद्यबुवा पुन्हा म्हणाले.

“मी नाही जाऊ देणार,” पंडित म्हणाला.

“आता कशाला? झालं ते झालं.”

“नाही वैद्यबुवा, चुकलो मी. शब्द मोजत बसलो आणि माणसं अर्धपोटी उठवली. बैल सोडा. माझ्या हाताने वाढतो, चला.”

“नको, राहू द्या.”

“चला हो.”

“उशीर झालाय.”

“तुम्ही आल्याशिवाय मी इथून हलत नाही!” आणि पंडित खरोखरच गाडीपुढे धुळीत बसला. डोळ्यांतलं पाणी त्याने पुसलंही नाही.

वैद्यबुवांनी त्याला दंडाला धरून उठवलं. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता. “अहो, एवढं एकदा पंगतीत म्हणाला असतात तर!” ते म्हणाले आणि मोठ्याने हसले. “सोडा रे बैल. भुकेने जीव चाललाय माझा.”

पंडिताचा जीव भांड्यात पडला. पंगत पुन्हा बसली. पंडिताने कमरेला पंचा बांधून स्वतः पोळ्या वाढल्या. वैद्यबुवा पाच वेळा नको म्हणाले आणि सहा पोळ्या जेवले. नवरदेवाने आग्रहाची वाटच पाहिली नाही. आतून लेकीचं हसणं ऐकू आलं, तेव्हा कुठे पंडिताला आपणही सकाळपासून जेवलो नाही हे आठवलं. अक्काने त्याचं पान मांडलं.

दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर अक्षता पडल्या आणि लेक आनंदाने सासरी गेली.

घर रिकामं झालं, तसा पंडित बोरू घेऊन अक्कासमोर बसला. “अक्का, ते हातांचं सगळं मला सांग. मी लिहून घेतो.”

“लिहून काय घेतोस?” अक्का म्हणाली. “परवा देवळात भंडारा आहे. वाढायला चल.”

आणि पंडित गेला.

तात्पर्य: समोरच्याने काय म्हटलं ते कानांना कळतं, त्याला काय म्हणायचं होतं ते कळायला त्याच्याकडे मायेने बघावं लागतं.