विझलेल्या दिव्याचा आकडा

“उस्ताद, एका बल्बला दोन-दोन आडकाठ्या असतात का?”

भालचंद्राने विचारलं उस्तादांना, पण बघत होता सुबरावाकडे.

दस्तगीर उस्ताद दुपारची नमाज पढून नुकतेच दुकानात परतले होते. मिरजेच्या पेठेत जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आता डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. मीटरचा काटा दिसत नव्हता. विजेला तारेतून जाताना जो विरोध होतो, त्याला ते आडकाठी म्हणत.

नमाजला जाताना त्यांनी दोघा शिष्यांपुढे शंभर वॅटचा एक बल्ब ठेवला होता.

“याची आडकाठी किती, ते काढून ठेवा. माझी मीटरची पेटी आज एकाला देणार आहे.”

पेटी ज्याची, त्याच्या शब्दावर पुढे दुकान चालणार. हे दोघांनाही ठाऊक होतं.

“काय आलं?” उस्तादांनी बसता बसता विचारलं.

“माझं चाळीस ओहम. थेट मीटर लावून मोजलं. हा म्हणतो, साडेपाचशे.” भालचंद्र हसला. “तुम्हाला दिसत नाही म्हणून काहीही सांगायचं?”

“तू कसं काढलंस, बेटा?” उस्तादांनी सुबरावाला विचारलं.

बेटा हा शब्द ऐकून भालचंद्राने ओठ आवळले.

“दिवा लावला, उस्ताद. दाब दोनशे वीस व्होल्ट होता. करंट पॉइंट चार अँपिअर. दाबाला करंटने भागलं, साडेपाचशे आले.”

“आणि पॉवर?”

“दोन्ही गुणले. अठ्ठ्याऐंशी वॅट. दाब कमी आहे, म्हणून शंभर भरत नाहीत.”

“भालचंद्र, तुझ्या चाळीसाने पॉवर किती होते?”

भालचंद्राने मनात हिशेब मांडला. दोनशे वीसला चाळीसने भागलं, साडेपाच अँपिअर. त्याला पुन्हा दोनशे वीसने गुणलं…

त्याने बल्बकडे पाहिलं.

“बोल की.”

“बाराशे दहा वॅट.”

“एवढ्यात इस्त्री तापते,” सुबराव खाली मान घालून म्हणाला. “सदरा आण, भालूदादा. बल्ब फिरवू त्याच्यावर.”

“तू गप्प बस. उस्ताद, मीटर खोटं बोलतो का?”

“नाही. तुझा आकडा खरा आहे. त्याचाही खरा आहे.”

“दोन्ही कसे खरे? सरळ सांगा ना, त्याचं खरं करायचं तुमचं आधीच ठरलंय.”

भिंत चाचपडत उस्तादांनी बटण दाबलं. दिवा लागला.

“आता मोज.”

भालचंद्राने मीटरच्या दोन्ही तारा हिसकून उचलल्या. मीटर अजून ओहमवरच होता. तारांची टोकं होल्डरपाशी नेली, तेवढ्यात सुबरावाने त्याचं मनगट धरलं.

“दादा, चालू दिव्याला ओहम लावत नाहीत. मीटर जळेल.”

“मला शिकवतोस?”

“तूच शिकवलंस की. मी नवा होतो तेव्हा. दिवा विझलेला असला की तार थंड, आडकाठी थोडी. पेटला की तार तापते, आडकाठी दहापटीच्या वर चढते. म्हणून पेटल्या दिव्याला मीटरने ओहम विचारायचे नाहीत. दाब बघायचा, करंट बघायचा, भागायचं… हे तुझेच शब्द, दादा. तेच केलं मी.”

तारा हळूहळू खाली आल्या.

भालचंद्राला सगळं आठवत होतं. मघाशी विझलेला बल्ब हातात घेतला तेव्हा का आठवलं नाही, तेवढं मात्र कळेना.

उस्तादांनी मीटर चामड्याच्या पेटीत ठेवला. पट्टा ओढून बसवला. मग पेटी सुबरावापुढे सरकवली.

सुबरावाने हात लावला नाही. तो भालचंद्राकडे बघत राहिला.

“घे की,” भालचंद्र त्याला म्हणाला. मग उस्तादांकडे वळला. “शिकवलं मी. बेटा तो. पेटीही त्यालाच… मला मात्र आजवर नुसतं नावाने हाक मारलीत, उस्ताद.”

दिवा जळत होता.

उस्ताद उठले. हात पुढे करून चाचपडत आले. हाताला आधी भालचंद्राचा खांदा लागला, मग मान, मग कपाळ. तिथे त्यांनी तळवा टेकवला… आणि तसाच राहू दिला.

“तापलायस खरा, बेटा… तुझा उजेड कुणावर पडला, पाहिलंस का?”